आधी दुखणं, मग पॅटर्न

पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत चार-पाच वर्षं काढलेला माणूस नव्या नोकरीसाठी मुलाखतीला बसला की काही प्रश्न हमखास येतात. सागा म्हणजे काय? सर्किट ब्रेकरच्या अवस्था किती? सीक्यूआरएस कधी वापराल? उत्तरं पाठ असतात. सागा म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा व्यवहार, मध्येच बिघडला तर उलटे टप्पे. ब्रेकरच्या अवस्था तीन: बंद, उघडा, अर्धा उघडा. मुलाखत पुढे सरकते. हे काहीच न वापरता काम भागलं असतं का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलाच तर उमेदवार गडबडतो.

यात उमेदवाराचा दोष थोडा. मायक्रोसर्व्हिसच्या पॅटर्नांवर गेल्या दहा-बारा वर्षांत भरपूर साहित्य तयार झालं आहे आणि त्यातलं बरंचसं चांगलंही आहे. पण ते हातात पडतं ते यादी म्हणून: एपीआय गेटवे, सर्व्हिस डिस्कव्हरी, बल्कहेड, आउटबॉक्स, सागा, साइडकार. यादी पाठ होते. कोणत्या दुखण्यावर कोणतं औषध आणि त्या औषधाचे त्रास कोणते, हे मागे राहतं. या आढाव्यात माझा रोख तिथेच आहे.

पॅटर्न ही कल्पना मुळात संगणकवाल्यांची नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या एका खेड्यात राहून तिथल्या गरजांचा अभ्यास केला होता. पाणी, गुरं, जातीपातींचे संबंध, रस्ते, शेती अशा १४१ गरजा त्याने सुट्या मांडल्या, कोणती गरज कोणत्या गरजेत गुंतलेली आहे ते नोंदवलं आणि आपसांत जास्त गुंतलेल्या गरजा एका गटात येतील, गटागटांमधला गुंता कमीत कमी राहील, अशी विभागणी केली. १९६४ च्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या पुस्तकाच्या परिशिष्टात हे सगळं उदाहरण आहे. मोठं सॉफ्टवेअर कुठे फोडायचं, हा आजचा प्रश्न याहून फारसा वेगळा नाही. पुढे १९७७ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर २५३ पॅटर्नांचा ग्रंथ काढला. त्यातला प्रत्येक पॅटर्न परिस्थिती सांगतो, तिथे एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या गरजा सांगतो, मग तोडगा देतो आणि या तोडग्यानंतर आता कोणते पॅटर्न बघावे लागतील तेही सांगतो.

केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये ही पद्धत प्रोग्रॅमिंगमध्ये आणली. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस या चौघांचं २३ पॅटर्नांचं पुस्तक आलं आणि ‘डिझाइन पॅटर्न’ हा शब्द अभ्यासक्रमात शिरला. त्या पुस्तकातही प्रत्येक पॅटर्नखाली परिणामांचा वेगळा भाग आहे: काय मिळतं, काय गमावतं. ख्रिस रिचर्डसनच्या २०१८ च्या ‘मायक्रोसर्व्हिसेस पॅटर्न्स’मध्ये ४४ पॅटर्न आहेत, तिथेही हीच शिस्त पाळलेली आहे. लेखकांनी आपलं काम केलं. वाचणारा मात्र आकृती आणि कोड बघून पान उलटतो.

मायक्रोसर्व्हिस आल्या त्या कशासाठी, हे या विषयात सर्वांत आधी समजायला हवं. नेटफ्लिक्सची गोष्ट नेहमी सांगितली जाते. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी सगळा कारभार अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर न्यायला घेतला, जाता जाता सॉफ्टवेअरचे शेकडो सुटे भाग केले आणि हे काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं. नावाचा जन्म वेगळा. २०११ मध्ये व्हेनिसजवळ काही आर्किटेक्ट जमले होते, तिथल्या चर्चेत हा शब्द निघाला. जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांच्या मार्च २०१४ च्या लेखाने तो सर्वत्र पोचवला.

पण नेटफ्लिक्सच्या गोष्टीतून लोक भलताच अर्थ काढतात. तुकडे केले की सॉफ्टवेअर वेगवान होतं किंवा आपोआप भक्कम होतं, असा. उलट, तुकडे केल्यावर ते भक्कम ठेवायला नेटफ्लिक्सला प्रचंड खटपट करावी लागली. तुकड्यांचा मुख्य फायदा माणसांना होतो: एका टीमला दुसऱ्या टीमची वाट न पाहता आपला भाग प्रॉडक्शनमध्ये नेता येतो. मेल्विन कॉनवेने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की संस्था ज्या व्यवस्था रचतात त्यांची ठेवण त्या संस्थेच्या आपसांतल्या बोलण्याचालण्यासारखी होते. दोनशे माणसं एकाच कोडवर काम करत असतील तर फोडण्यात अर्थ आहे. आठ माणसांच्या टीमने वीस सर्व्हिस केल्या, तर दुखणं नसताना औषध सुरू केलं असं म्हणावं लागेल. आणि त्यानंतरचे निम्मे पॅटर्न त्या औषधाचे त्रास निस्तरायला लागतात.

हे त्रास दोन जागी उगवतात, नेटवर्कमध्ये आणि डेटामध्ये. गेटवे, डिस्कव्हरी, कॉन्फिगरेशन वगैरे बाकीचे पॅटर्न गौण आहेत असं नाही, पण ते आता बहुतांशी तयार मिळतात. कुबर्नेटीस वापरणाऱ्याला सर्व्हिस डिस्कव्हरी वेगळी लिहावी लागत नाही. त्यांच्यावर शिकणाऱ्याने फार दिवस घालवू नयेत.

नेटवर्कचं बघू. एकाच प्रोग्रॅममध्ये एका फंक्शनने दुसऱ्याला हाक मारली की उत्तर येतं किंवा चूक कळते. हीच हाक नेटवर्कवरून गेली की तिसरी शक्यता निर्माण होते: काय झालं ते कळतच नाही. काम झालं आणि फक्त उत्तर हरवलं, की काम झालंच नाही? सन कंपनीतल्या पीटर डॉइच यांनी १९९० च्या दशकात नेटवर्कविषयीच्या भाबड्या समजुतींची यादी केली होती. तिची सुरुवातच ‘नेटवर्क भरवशाचं असतं’ या समजुतीने होते. टाइमआउट, पुन्हा प्रयत्न, सर्किट ब्रेकर, बल्कहेड हे सगळे पॅटर्न या तिसऱ्या शक्यतेची लेकरं आहेत.

इथे थोडं गणित कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त शिकवतं. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असते असं धरा. महिन्यात ती पाऊण तासाच्या आत बंद राहील. आता एखादी विनंती पुरी व्हायला अशा ३० सर्व्हिस चालू असाव्या लागत असतील आणि त्या स्वतंत्रपणे बिघडत असतील, तर एकूण उपलब्धता ९७ टक्क्यांवर येते. म्हणजे महिन्याला सुमारे २१ तास काही ना काही बंद. दुसरं गणित पुन्हा प्रयत्न करण्याचं. तीन थर आहेत आणि प्रत्येक थर अपयश आलं की एकूण तीनदा प्रयत्न करतो. तळाची सर्व्हिस आधीच धापा टाकत असेल, तर एका विनंतीपायी तिच्यावर २७ हाका येऊन आदळतात. ‘रिट्राय’ हा पॅटर्न पाठ असलेला माणूस नेमकी हीच आग लावतो. म्हणून प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्यायचं, त्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा, आणि शक्यतो एकाच थराने प्रयत्न करायचे.

सर्किट ब्रेकर आणि बल्कहेड ही नावं सॉफ्टवेअरवाल्यांत रुळवली मायकेल नायगार्डच्या ‘रिलीज इट!’ या २००७ च्या पुस्तकाने. माझ्या मते या विषयावरचं सर्वांत वाचनीय पुस्तक अजूनही तेच, आणि गंमत म्हणजे ते मायक्रोसर्व्हिस हा शब्द जन्मण्याआधीचं आहे. ते सुरू होतं एका विमान कंपनीच्या घोटाळ्याने. डेटाबेसचं एक स्टेटमेंट बंद करताना त्रुटी आली, ती कुणी पकडली नाही, त्यामुळे पुढची कनेक्शन बंद करण्याची ओळ कधी चाललीच नाही. कनेक्शन एकेक करत संपली, त्यावर विसंबलेल्या सगळ्या यंत्रणा थिजल्या आणि विमानं जमिनीवर राहिली. हे वाचून झालं की सर्किट ब्रेकर समजावून सांगावा लागत नाही. जो उत्तर देत नाही त्याच्या दाराशी आपण किती वेळ ताटकळायचं आणि ताटकळताना आपली किती माणसं अडकवायची, एवढाच प्रश्न उरतो.

या पॅटर्नाची पुढची वाटचालही बोलकी आहे. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये हिस्ट्रिक्स ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. भारतातल्या जावा टीमांनी ती डोळे मिटून घेतली. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सनेच तिच्यात नवं काम करणं थांबवलं. मग रेझिलियन्स४जे आली, आणि इस्टिओ, लिंकरडी यांसारख्या सर्व्हिस मेशने हेच काम कोडच्या बाहेर, शेजारी चालणाऱ्या प्रॉक्सीकडे सोपवलं. ज्यांनी हिस्ट्रिक्सची अ‍ॅनोटेशनं शिकली होती त्यांना सगळं पुन्हा शिकावं लागलं. ज्यांना ताटकळण्याचा प्रश्न कळला होता त्यांनी नुसती हत्यारं बदलली.

खरी कठीण जागा डेटा ही आहे. एकच डेटाबेस असताना आपण एक मोठं सुख उपभोगत असतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही: चार टेबलांतले बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही. प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचा डेटाबेस दिला की हे सुख गेलं. सर्व डेटाबेसांना एकाच वेळी ‘हो’ म्हणायला लावणारी टू-फेज कमिट ही पद्धत १९७० च्या दशकापासून माहीत आहे, पण तिच्यात समन्वय करणारा मध्येच कोसळला तर बाकीचे कुलपं लावून खोळंबतात. अ‍ॅमेझॉनमध्ये काम केलेल्या पॅट हेलँडने २००७ मध्ये एक निबंधच लिहिला की फार मोठ्या व्यवस्थांमध्ये असे सर्वव्यापी व्यवहार लोक वापरत नाहीत, त्यांच्याशिवाय जगायला शिकतात.

सागा तिथून येते, पण तीही उसनी आहे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये ती मांडली तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता डेटाबेसमधल्या फार लांबणाऱ्या व्यवहारांचा. त्यांनी लांब व्यवहाराचे छोटे व्यवहार केले आणि प्रत्येकाला एक भरपाईचा व्यवहार जोडला. याचं आपल्याकडचं सर्वांच्या ओळखीचं रूप यूपीआयमध्ये आहे. मुंबईच्या एनपीसीआयने २०१६ मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था मायक्रोसर्व्हिसचं उदाहरण म्हणून मी देत नाही. दोन बँकांची दोन खाती आहेत, दोहोंवर सत्ता चालवणारा एक डेटाबेस नाही, आणि व्यवहार मात्र एकच दिसायला हवा, एवढ्यापुरतं बघा. तुमच्या खात्यातून पैसे जातात, समोरच्याच्या खात्यात पोचत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा वेळी व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला द्यायच्या पैशांसाठी मुदत पाच दिवसांची. मुदत टळली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई.

या परिपत्रकात सागाचे सगळे कोपरे आहेत, जे मुलाखतीच्या उत्तरात नसतात. पहिला: भरपाई म्हणजे झालेलं पुसणं नव्हे. मधल्या काळात तुमच्या खात्यात पैसे कमी दिसले, कदाचित तेवढ्यात एखादा हप्ता परत गेला. तो परिणाम मागे घेता येत नाही. दुसरा: मधली अवस्था किती काळ चालेल याची मुदत कुणीतरी ठरवावी लागते, आणि ती प्रोग्रॅमरने ठरवायची नसते. तिसरा: भरपाईचा व्यवहारही फसू शकतो, म्हणून दंडाची तरतूद आणि दिवसाअखेर हिशेब जुळवणारी यंत्रणा लागते. सागा शिकवताना ऑर्केस्ट्रेशन की कोरिओग्राफी, म्हणजे एकाने सूत्रं हलवायची की प्रत्येकाने दुसऱ्याची घोषणा ऐकून आपलं काम करायचं, यावर तासन्‌तास चर्चा होते. ती व्हावी. पण अर्धवट अवस्थेत ग्राहकाला स्क्रीनवर काय दाखवायचं, हा प्रश्न आधीचा आहे. टप्पे तीन-चारपेक्षा जास्त झाले की मला सूत्रधार असलेला बरा वाटतो. नाहीतर ऑर्डर कुठे अडकली हे कळायला पाच टीमांना फोन करावे लागतात.

यातून दोन छोटे पॅटर्न निघतात, आणि माझ्या लेखी सगळ्या यादीत सर्वांत मोलाचे तेच. डेटाबेसमध्ये ऑर्डर लिहिली आणि ‘ऑर्डर आली’ असा निरोप पाठवण्याआधी प्रोसेस मेली, तर काय? आधी निरोप पाठवला आणि मग लिहिताना घात झाला, तर? कुठलाही क्रम लावा, फट राहतेच. आउटबॉक्स ही फट बुजवतो: निरोपही त्याच डेटाबेसच्या एका टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा आणि दुसऱ्या कुणीतरी तो उचलून पुढे पाठवायचा. मात्र उचलणारा पाठवून झाल्यावर, खूण करण्याआधी मेला तर तोच निरोप दोनदा जातो. म्हणून घेणाऱ्याकडे दुसरा पॅटर्न हवा: प्रत्येक निरोपाला ओळख क्रमांक, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करणं. हे दोन पक्के झाले की निम्मा गड सर झाला.

इव्हेंट सोर्सिंग आणि सीक्यूआरएस यांचा दबदबा मात्र गरजेपेक्षा मोठा आहे. दुकानातल्या मुनीमजींना यात नवं काही दिसलं नसतं. रोजकीर्दीत व्यवहार झाला तसा लिहायचा, चूक झाली तर खोडायचं नाही, उलट नोंद करायची. आणि कुणाकडे किती बाकी हे बघायला खतावणी वेगळी. कीर्द म्हणजे इव्हेंट सोर्सिंगमधली घटनांची नोंद, खतावणी म्हणजे सीक्यूआरएसमधलं वाचण्यासाठी वेगळं घडवलेलं रूप, आणि खतावणी कीर्दीच्या एक-दोन दिवस मागे असली तरी दुकान चालतं. जिथे ‘असं का झालं’ याचं उत्तर वर्षांनंतर द्यावं लागतं, तिथे ही रचना शोभते: बँक, विमा, साठा. सुट्टीच्या अर्जांच्या सॉफ्टवेअरला ती घातली, तर जुन्या घटनांचं स्वरूप बदलताना येणाऱ्या कटकटी तेवढ्या पदरी पडतात.

सर्व्हिसच्या सीमा कुठे घालायच्या याविषयी पॅटर्नांच्या पुस्तकांत कमी मिळतं, आणि जे मिळतं ते बहुतेक दोन जुन्या लेखकांचं देणं आहे. डेव्हिड पार्नासने १९७२ मध्ये दाखवलं की प्रक्रियेच्या पायऱ्यांप्रमाणे भाग पाडण्यापेक्षा उद्या बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका भागात दडवावा. एरिक इव्हान्सने २००३ मध्ये सांगितलं की ‘ग्राहक’ हा शब्द विक्री विभागात आणि वसुली विभागात एकाच अर्थाचा नसतो, आणि अर्थ जिथे बदलतो तिथे सीमा असते. हे न वाचता लोक टेबलांची नावं बघून सर्व्हिस करतात: कस्टमर सर्व्हिस, प्रॉडक्ट सर्व्हिस, ऑर्डर सर्व्हिस. मग एक फील्ड वाढवायला तीन सर्व्हिस एकदम डिप्लॉय कराव्या लागतात. न फोडलेल्या एकसंध सॉफ्टवेअरला मोनोलिथ म्हणतात आणि या प्रकाराला वितरित मोनोलिथ; त्यात दोन्हीकडचे तोटे एकत्र मिळतात. जुनं सॉफ्टवेअर हळूहळू बदलायचं असेल तर फाउलरने २००४ मध्ये मांडलेला स्ट्रँगलर फिग पॅटर्न आहे. ऑस्ट्रेलियाच्या जंगलात दुसऱ्या झाडावर रुजून त्याला वेढत जाणारी झाडं पाहून त्याला तो सुचला. व्यवहारात यातली अडचण एकच, आणि ती तंत्राची नाही: शेवटचे वीस टक्के हलवायला पैसे कुणी देत नाही आणि दोन्ही व्यवस्था वर्षानुवर्षं शेजारी चालतात.

विरोधी पुरावाही आता पुरेसा आहे. फाउलरनेच २०१५ मध्ये लिहिलं की सुरुवात मोनोलिथनेच करावी. सेगमेंट कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलं की त्यांनी १४० हून जास्त सर्व्हिस पुन्हा एकत्र केल्या, कारण छोट्या टीमचा सगळा वेळ त्यांच्या देखभालीत जात होता. उबरने २०२० मध्ये आपल्या सुमारे २२०० सर्व्हिसांना मोठ्या गटांत बांधण्याची पद्धत मांडली. शॉपिफायने मोनोलिथ न फोडता त्याच्या आत भिंती घातल्या. २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या एका टीमने तुकडे एकत्र करून खर्च ९० टक्क्यांनी उतरवला, तेव्हा मायक्रोसर्व्हिस मेल्या अशी आवई उठली. ती खोटी होती. प्रसारणाचा दर्जा तपासणाऱ्या एका साधनापुरता तो बदल होता. पण असे लेख अभ्यासक्रमात ठेवावेत, कारण त्यांत पॅटर्न मागे घेतानाची कारणं लिहिलेली असतात.

मग शिकायचं कसं? पुस्तकांचा क्रम मी असा लावेन: आधी नायगार्ड, मग मार्टिन क्लेपमनच्या ‘डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स’मधली ट्रान्झॅक्शन आणि वितरित व्यवस्थांवरची प्रकरणं, आणि त्यानंतर रिचर्डसन. त्याने जेवण पोचवणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचा मोनोलिथ घेऊन सगळं सांगितलं आहे, जावा येणाऱ्यांना ते सोयीचं आहे. चालू सॉफ्टवेअर फोडायची वेळ आली असेल तर सॅम न्यूमनचं २०१९ चं ‘मोनोलिथ टू मायक्रोसर्व्हिसेस’. होहपे आणि वुल्फ यांचं २००३ चं ६५ पॅटर्नांचं पुस्तक सलग वाचायचं नाही, निरोपांच्या देवाणघेवाणीत अडलं की उघडायचं.

पण वाचून भागत नाही, कारण हे पॅटर्न बिघाडातून जन्मलेले आहेत आणि आपल्याकडच्या बहुसंख्य अभियंत्यांना बिघाड बघायलाच मिळत नाही. प्रॉडक्शन ग्राहकाच्या ताब्यात, रात्रीचा फोन दुसऱ्याच टीमला. तेव्हा बिघाड घरी घडवावा. लॅपटॉपवर डॉकरने दोन सर्व्हिस, दोन डेटाबेस आणि मध्ये एक निरोप्या (मेसेज ब्रोकर) एवढं उभं करायला एक शनिवार-रविवार पुरतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यायचा आणि तो सगळ्या लॉगमध्ये उमटवायचा. गूगलने डॅपरवरच्या २०१० च्या निबंधात याच कल्पनेवर उभं केलेलं मोठं काम दाखवलं आहे आणि आज ओपनटेलीमेट्रीमुळे ते फुकटात मिळतं. हे नसेल तर पुढे काय बिघडलं तेच दिसणार नाही.

मग मोडतोड सुरू करावी. एका सर्व्हिसला तीस सेकंद झोपवा आणि दुसरीचे थ्रेड कसे संपतात ते बघा, टाइमआउट स्वतःहून घालावासा वाटेल. उत्तर गाळून टाका, ऑर्डर दोनदा नोंदली जाईल. कमिट आणि निरोप यांच्या मधोमध प्रोसेस मारा. एक सर्व्हिस दोन तास बंद ठेवून चालू करा आणि साचलेले निरोप एकदम आल्यावर तिचं काय होतं ते पाहा. दर वेळी आधी पॅटर्नशिवाय, मग पॅटर्न घालून, आणि शेवटी तोच व्यवहार एका डेटाबेसात एका ट्रान्झॅक्शनने किती ओळींत होतो ते लिहून. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. मुलाखत घेणाऱ्यांनीही सागाची व्याख्या विचारण्याऐवजी पॅटर्नचा कोड आणि एका ट्रान्झॅक्शनचा कोड यांतला फरक समोर ठेवून बोलायला सांगितलं, तर पाठांतराचा बराचसा प्रश्न वर्षभरात मिटेल.